आक्काची कुकिंग रेंज

"आधी भाकरी करून बघते, मग घ्यायची का नाही ते सांगते."

गौलीगुड्यातल्या शेगड्यांच्या त्या चकचकीत दुकानात हे वाक्य आलं तेव्हा मी हळूच दाराकडे सरकलो होतो. बोलणाऱ्या बाई माझ्याबरोबर आल्यात हे कुणाला कळू नये एवढीच माझी इच्छा होती. पण त्यांनी मागे वळून खणखणीत आवाजात हाक मारली, "जाधव, पिशवी द्या!" पिशवी अर्थातच माझ्या हातात होती. तिच्यात ज्वारीच्या पिठाचा डबा, पाण्याची बाटली, परात आणि एक दणकट लोखंडी तवा होता. सकाळी निघताना ती एवढी जड का, असं मी विचारलं होतं. "सामान आहे," असं उत्तर मिळालं होतं.

त्या बाई म्हणजे आमच्या गायकवाड टीचर. बरकतपुऱ्यात आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायच्या. हैदराबादेतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवता शिकवता केस पांढरे झाले, निवृत्त झाल्या, पण वर्ग काही सुटला नव्हता. आता आमची इमारत हाच त्यांचा वर्ग होता. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "वेळच मिळाला नाही हो, वह्या तपासायच्या होत्या."

"आधी प्रयोग, मग निष्कर्ष" हे त्यांचं वाक्य. भाजीवाल्याला, डॉक्टरला, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे तेच. एकदा गच्चीवरच्या टाकीचं पाणी कुठेतरी झिरपतंय यावरून आमच्याकडे भांडण पेटलं. कुणी म्हणे पंप खराब, कुणी म्हणे जाधवांचा पाईप. चर्चा ऐन रंगात आली तेव्हा टीचर उठल्या, वर गेल्या आणि टाकीत कपड्यांची नीळ ओतून आल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या बाथरूमच्या भिंतीवर निळा डाग उमटला. निष्कर्ष निघाला. सबंध इमारतीचे पांढरे कपडेही निळसर निघाले, पण त्याबद्दल टीचरांचं म्हणणं असं की प्रयोगात थोडं नुकसान व्हायचंच.

त्यांच्या घरात दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. खिडक्या कायम उघड्या, अगदी डिसेंबरच्या थंडीतही. आणि बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं आणि मेणबत्ती असायची, उदबत्ती मात्र कधीच नाही. माझ्या बायकोनं एकदा म्हैसूरहून आणलेला चांगला उदबत्तीचा पुडा दिला, तर तो नम्रपणे परत आला. "वास छान आहे हो. पण धूर नको." धूर हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा.

त्याचं कारण होतं आक्का.

आक्का म्हणजे टीचरांची थोरली बहीण. उदगीरच्या पुढच्या एका लहानशा गावात एकटी राहायची. आई लवकर गेली, बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, तेव्हा आक्कानं धाकट्या सुलूला वाढवलं. स्वतः कधी शाळेची पायरी चढली नाही, पण सुलूला एक दिवस शाळा चुकवू दिली नाही. टीचर ते सांगायच्या तेव्हा त्यांचा मास्तरकी आवाज कुठल्या कुठे जायचा. "आक्का चुलीपुढे बसलेली असायची आणि मी तिच्या बाजूला उभी. ती बसलेली, मी उभी, की आमची डोकी बरोब्बर एका रेषेत यायची. एवढीशी होते मी. पाढा म्हणून दाखवल्याशिवाय पहिली भाकरी द्यायची नाही. तिला काय कळायचं हो पाढ्यातलं? पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं, आणि भाकरी तिच्या हातातच राहायची. एकोणिसाच्या पाढ्यानं माझ्या किती भाकऱ्या थंड केल्यात, काय सांगू!"

सुलू शिकली, हैदराबादला आली, टीचर झाली. आक्का त्याच तीन दगडांच्या चुलीपुढे बसून राहिली. आयुष्यभराचा धूर छातीत साठला. फोनवर बोलायची ती चार शब्द आणि खोकला, पुन्हा चार शब्द आणि खोकला. टीचरांनी तिला आणून मलकपेठेतल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं, "औषध निम्मं काम करेल. उरलेलं तुम्ही करा. ही बाई पुन्हा धुरात बसली तर मी काही करू शकणार नाही."

मग टीचरांनी आक्काला इथेच ठेवून घ्यायचा घाट घातला. आक्का आमच्या इमारतीत आठवडाभरही टिकली नाही. गॅलरीत बसून ती रस्त्याकडे बघायची. मी विचारलं, "करमतंय का?" तर म्हणाली, "मानसं दारं लावून बसत्यात बगा. कुनाच्या घरात काय शिजायलंय, कायबी कळंना." परत जायची तिला एवढी घाई झाली की पिशवी आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी ठेवली होती.

म्हणजे आता एकच मार्ग उरला. आक्का गावातच राहणार, आणि गावात बिनधुराची चूल झाली पाहिजे. टीचरांनी फंडाच्या पैशातून गावी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधायला काढलं, आणि शेगडी शोधायची मोहीम सुरू झाली. माझ्याकडे गाडी आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी त्या मोहिमेत भरती झालो. टीचर वरून हाक मारायच्या, "जाधव, चला, जवळच जायचंय. परेशान होऊ नका." त्यांचं जवळच कधी गौलीगुडा असायचं तर कधी थेट उदगीर.

साधी दोन बर्नरची शेगडी आणि सिलिंडर त्यांनी आक्काला कधीच नेऊन दिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती शेगडी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली सापडली. आक्कानं अभिमानानं उघडून दाखवली. "पावन्यांच्या चहाला ठिवलीय. नवीच्या नवी हाय, बग." सिलिंडर संपला की हमरस्त्यापर्यंत जाऊन आणायला लागायचा, मग तो रोज कशाला जाळायचा? शिवाय भाकरी उलटताना ती हलकी शेगडी जमिनीवर सरकायची. टीचरांनी दोन्ही तक्रारी मान डोलावून ऐकल्या.

मग विजेची शेगडी. दुकानात टीचरांनी पर्समधून एक लोहचुंबक काढलं आणि आक्काच्या घरून आणलेल्या एका पातेल्याला लावलं. चिकटलं नाही. "जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आक्काची निम्मी भांडी जर्मनची. ह्या शेगडीवर ती तापणारच नाहीत. आणि गावात वीज जाते ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळी." विजेची शेगडी बाद. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या यांचं तर नावही काढायचं नव्हतं. बिनधुराच्या चुलीची माहिती मी एकदा सांगायला गेलो. "धूर जातो कुठे? धुराड्यातून. धुराडं कोण साफ करणार? आक्का," एवढं बोलून त्यांनी मला खाली बसवलं.

उरला गोबर गॅस. आक्काच्या दोन म्हशी होत्या, शेजारणीच्या गोठ्यातली गुरं होती. टीचरांनी शेजारणीशी बोलून परसात गोबर गॅसचं बांधकाम करून घेतलं. शेण घालायचं, पाणी घालायचं, ज्योत निळी. धूर नाही, कुठे जायला नको. आक्काला एकच शंका होती, "शेनाच्या गॅसवर शिजलं तर वास नाही का यायचा?" टीचरांनी तिच्यासमोर चहा करून पाजला. आक्कानं कप हुंगला, घोट घेतला, आणि मग साखर कमी आहे म्हणाली. म्हणजे वास आला नव्हता.

आता प्रश्न शेगडीचा. आणि इथे आमच्या शिस्तीच्या, हिशेबी, प्रयोगशील टीचर पार वाहवत गेल्या. त्यांना आक्कासाठी साधीसुधी शेगडी नको होती. "तिनं जन्मभर तीन दगडांवर केलं, जाधव. आता तिला दुकानातली सगळ्यात भारी मिळाली पाहिजे." म्हणून ती गौलीगुड्याची कुकिंग रेंज. वर चार बर्नर, खाली ओव्हन, उभ्या माणसाच्या कमरेइतकी उंच, स्टीलची, आरशासारखी. दोन माणसांनी ढकलली तरी हलायची नाही.

दुकानाचे मालक हैदराबादीच होते. टीचरांनी परातीत पीठ ओतलं तसे ते गल्ल्यावरून उठले. "अम्मा, ये शोरूम है, घर नै. इधर रोटी कायकू पकारे?"

"हौ, म्हणूनच. घरी नेल्यावर फुगली नाही तर कुणाला विचारू?"

"नक्को अम्मा, नक्को... गाहक लोग देखरे!"

"बघू द्या की. त्यांना पण कळेल."

बोलता बोलता पीठ मळून झालंही होतं. काउंटरवर परात ठेवून टीचर उभ्या उभ्या भाकरी थापायला लागल्या. गोल काही आली नाही, त्यांची कधीच यायची नाही. पण तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, आणि मग थेट ज्योतीवर धरली तशी टम्म फुगली. सगळं दुकान जमलं. मालकांनी पहिला तुकडा मोडला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "क्या बात है अम्मा! हमारी दादी ऐसीच बनाते थे." मग त्यांनी मेकॅनिकला बोलावून दोन बर्नर गोबर गॅससाठी बदलून द्यायला सांगितले आणि दोन सिलिंडरसाठी ठेवले. सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला. टीचर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होत्या. प्रयोग झाला, निष्कर्ष निघाला.

रेंज टेम्पोनं गावी गेली. नव्या स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता, आणि त्याला लागून, त्याच उंचीला ती चमचमणारी रेंज. अख्खी गल्ली बघायला आली. आक्का नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. टीचरांनी तिचा हात धरून आत आणलं. आक्कानं रेंजवरून हात फिरवला, बटणं चाचपली, ओव्हनचं दार उघडून आत डोकावली. तिचा चेहरा फुलला होता. मग तिनं खाली जमिनीकडे बघितलं, पुन्हा वर रेंजकडे बघितलं.

"लई भारी हाय गं सुलू," ती म्हणाली. "पर म्या बसू कुटं?"

कुणीतरी हसलं. टीचर हसल्या नाहीत.

"उभं राहून करायचं, आक्का. हे बघ, असं." त्यांनी करून दाखवलं. आक्का निमूटपणे ओट्यापाशी उभी राहिली, परात पुढ्यात घेतली. पण भाकरी थापायची तिची सगळी ताकद बसण्यात होती. एक पाय मुडपून, एक गुडघा उभा करून, सबंध अंग पुढे झुकवून ती थापायची. उभ्यानं हाताला जोरच येईना. भाकरीला चिरा गेल्या. पाय थरथरायला लागले. खोकल्याची उबळ आली. पाहुणे पांगल्यावर ती मागच्या दारानं हळूच बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं परसातल्या जुन्या चुलीच्या छपरातून धूर निघायला लागला. अंगणात उभ्या राहून टीचर त्या धुराकडे बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतीच्या वाटेवर बीदर मागे पडलं. तशा टीचर एकदम म्हणाल्या, "जाधव, मी चव बघितली. ज्योत बघितली. भांडी बघितली. बसून नाही बघितलं हो. आयुष्यात तिला मी चुलीपुढे बसलेलीच बघितली, आणि मला तेवढंच आठवलं नाही. शहरात उभी राहून राहून मी बसायचंच विसरले." मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढी खंबीर बाई रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. झहीराबादला गाडी थांबवून चहा तेवढा पाजला.

नवी योजना ठरली. रेंज परत करायची, ओटा फोडायचा, जमिनीवर ठेवता येईल अशी बुटकी शेगडी बसवायची. गौलीगुड्याच्या मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, "अम्मा के वास्ते वापस ले लेंगे. हौर किसी के वास्ते नै." टीचरांनी आक्काला फोन करून कळवलं, की अमुक दिवशी येऊन रेंज घेऊन जाते. त्या दिवशी मागे टेम्पो आणि पुढे आम्ही, अशी वरात निघाली.

घरी पोचलो तर दार उघडं. आक्का दिसेना. छपरात नाही, गोठ्यात नाही. टीचर हाका मारत स्वयंपाकघरात शिरल्या आणि दारातच थबकल्या. मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

आक्का ओट्यावर बसली होती. काळ्याभोर ग्रॅनाइटवर, एक पाय मुडपून, एक गुडघा उभा करून, पुढ्यात काठवट. उजव्या हाताला रेंजचा बर्नर, बरोब्बर चुलीच्या अंतरावर. खाली जमिनीवर पत्र्याची पेटी आणि पेटीवर पाट, चढायला. तव्यावर भाकरी होती, गोल, चंद्रासारखी.

"आक्का! काय करायलीस तू तिथं?"

"भाकर करायले की." आक्कानं मान वर केली नाही. "तू न्यायला येनार म्हनलीस. एवढ्या लांबून आनलंस, बिचारं तसंच परत जायाचं. म्हनलं, न्यायच्या आदी बसून तरी बगावं. ते खाली येत न्हाई, मग मीच वर आले. तूच म्हनतीस ना गं, आदी परयोग?"

टीचर एकदम ओरडल्या, "पेटीवरून पडली असतीस म्हणजे? हाड मोडलं असतं तर?" आणि ओरडता ओरडताच त्यांनी आक्काच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यासाठी वाकावं लागलं नाही. मी टेम्पोवाल्याला सांगायला बाहेर गेलो, की बाबा, रिकामा जा.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. ओटा फुटला नाही, उलट हातभर रुंद झाला. चढायला दोन रुंद पायऱ्या आल्या, धरायला भिंतीत नळीचा कठडा आला. टीचर स्वतः चढून बसून, उतरून, पुन्हा चढून, अशी परीक्षा घेऊन मगच पास करत होत्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि दोघींनी आपल्या घरी तसाच ओटा करायचं ठरवलंही. ओव्हनचा प्रश्न आक्कानं आपला आपण सोडवला. त्यात ती भाकरीची दुरडी ठेवते. उंदीर शिरत नाही, मुंगी लागत नाही, आणि काचेतून बघता येतं किती उरल्यात ते. दुकानाच्या मालकांना मी हे सांगितलं तर पोट धरून हसले.

पुढच्या उन्हाळ्यात टीचरांनी बरकतपुरा सोडला. "आता तिकडचा वर्ग घ्यायचाय," म्हणाल्या. शेवटची खोकी घेऊन मीच गाडीनं गेलो. आमची इमारत आता शांत आहे. पाणी झिरपलं तर आम्ही महिनाभर नुसतीच चर्चा करतो.

त्या दिवशी खोकी उतरवून मी हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. भुकेची वेळ होती. आक्का तिच्या जागी वर बसलेली, टीचर खाली तिच्या शेजारी उभ्या. एक बसलेली, एक उभी, आणि दोन्ही पांढरी डोकी एका रेषेत. भाकरी फुगली. आक्कानं ती चिमटीत उचलली. टीचरांनी हात पुढे केला तशी तिनं ती मागे घेतली.

"म्हन."

"अगं आक्का, जाधव आलेत."

"आयकू दे त्यास्नी बी. एकोनिसाचा म्हन."

टीचर माझ्याकडे बघून लाजल्या. मग त्यांनी साडी सारखी केली, हात मागे बांधले आणि सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. आक्का सुरात सूर मिळवून म्हणायला लागली. आकडे तिला कळत नव्हते, पण चाल पाठ होती. मध्यावर टीचर अडखळल्या, आक्का थांबली, भाकरी हातात तशीच. टीचरांनी कपाळाला हात लावला, आठवलं, आणि दोघी पुन्हा निघाल्या. थेट एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत पोचल्या.

आक्कानं भाकरी दिली. टीचरांनी ती घेतली नाही. त्या आक्काकडे बघत राहिल्या होत्या, आणि त्या काय बघतायत ते मला उशिरा उमगलं. सबंध पाढा संपला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मध्ये एकदाही खोकला आला नव्हता.

"घे की गं," आक्का म्हणाली. "थंड व्हायलीय."